कानाची पाळी

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर एक गंमत झाली. माझी भाचेसून ईशा घरात नवीनच आहे… तिने घाबरत घाबरत फोन केला. आत्या, माझ्या मेसेजला उत्तर देताना सगळे खाली कानाचं चित्र टाकतात, मी कुणाचं ऐकत नाही असं म्हणायचंय का?

मला हसूच आवरेना. मग तिला जे सांगितलं ते इथेही लिहिते.

माझे बापू इंदूरच्या एका कापड मिलमध्ये विणाई खात्यात होते. मागांच्या खडखडाटात शेजारच्याची हाकही ऐकू यायची नाही, म्हणून सगळं बोलणं हातांनी आणि ओठांनी. हसणंसुद्धा ऐकू यायचं नाही ना… म्हणून थट्टा केली की आपल्या कानाची पाळी ओढून दाखवायची. म्हणजे, मनावर घेऊ नको. घरी जेवताना आमची खेचायचे तेव्हाही बापूंचा हात कानावर जायचा.

मग मिल बंद पडली. बापू सियागंजला एका किराणा दुकानात लागले आणि ती खूणही विसरल्यासारखे झाले. तिकडे कंप्यूटरच्या नोकऱ्या निघाल्या आणि दादा अमेरिकेला गेला.

एका वर्षी दिवाळीच्या आधी मी आणि बापू जुनी इंदूर भागातल्या सायबर कॅफेत दादाशी चॅट करत होतो. त्याने विचारलं, सुट्टी मिळतेय, येऊ का? गेल्यापासून तो एकदाही आला नव्हता. आईने तर अनारशाचं पीठही करून ठेवलं होतं.

बापू मिशीत हसत, खास इंदुरी थाटात म्हणाले, “लिही, येऊ नको भिया. तुझा कमरा किरायाने दिला, किराएदार तुझ्यापेक्षा सीधा आहे.”

मी जसंच्या तसं टाइप केलं. उत्तर आलं, “ठीक आहे. नाही येत.”

बापूंचा चेहरा उतरला. मी भराभर खुलासा लिहायला लागले, पण लिहावं तेवढी ती सारवासारवच वाटत होती. कॅमेरा होता, आवाज मात्र जात नव्हता.

बापूंनी विचारलं, त्याला मी दिसतो का? हो म्हटल्यावर खुर्ची पुढे ओढली आणि मिल बंद पडल्यापासून पहिल्यांदाच कानाची पाळी धरली. चित्र अडखळत जायचं, म्हणून धरूनच बसले… आणि ओठ मोठे करून म्हणत राहिले, ये, ये.

दादाकडे कॅमेरा नव्हता. त्याने लिहिलं, “बापू, माझाही हात कानावर आहे.”

दादा दिवाळीला आला. तेव्हापासून ती खूण घरात पुन्हा सुरू झाली. आणि जगाला स्मायली मिळायच्या आधी माझ्या बापूंच्या विणाई खात्याकडे ती होती, हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.

संध्याकाळी ईशाने ग्रुपवर माझ्या पोह्यांची यथेच्छ टिंगल केली… आणि खाली एक कान टाकला. बापूंनी नातसुनेला पाहिलं नाही, पण त्यांची खूण तिच्यापर्यंत पोचली.