चाखण्याचं काम

मावशींच्या वजनाचा काटा चौऱ्याऐंशी किलोवर अडला, त्याला आता सहावा आठवडा लागला होता. शाळेच्या स्वयंपाकघरात त्या मुख्य स्वयंपाकीण. तीनशे मुलं त्यांना मावशीच म्हणत. धाकट्या भावाला त्या आपली किडनी देणार होत्या. सगळं जुळलं होतं, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, "वजन ऐंशीच्या आत आणा, मगच ऑपरेशन." पहिले नऊ किलो भराभर उतरले. मग काटा रुसला तो रुसलाच.

रोज तासभर चालणं, अर्धी वाटी भात, गोड बंद. घास न् घास वहीत लिहिलेला. इकडे भाऊ एक दिवसाआड डायलिसिसला. "ताई, घाई नाही गं. मी कुठे पळून जातोय?" तो फोनवर म्हणायचा, तेही मध्ये दोनदा थांबून. भावजय मात्र एकदा बोलून गेली, "मनात नसेल तर तसं सांगा हो, ताई." मावशी त्या दिवशी तासाऐवजी दोन तास चालल्या.

शेवटी त्या वही घेऊन आहारतज्ज्ञ बाईंकडे गेल्या. बाईंनी वही चाळली आणि बाजूला ठेवली.

"खाणं राहू द्या. कामावर दिवसभर काय करता?"

"रांधते. मुलांना वाढायच्या आधी चारही पातेली चाखते. नियमच आहे आमचा, आधी मुख्य स्वयंपाकिणीनं खायचं."

"किती चाखता?"

"वाटीभर. चमच्यानं काय कळतंय? मीठ वाढवलं की पुन्हा."

"हे वहीत कुठाय?"

"ते खाणं नव्हे, बाई. ते काम!"

आहारतज्ज्ञ बाईंना हसू आवरेना, पण मावशींचा चेहरा बघून त्या सावरल्या. "अहो, म्हणजे तुमचं एक आख्खं जेवण रोज पान न मांडताच होतंय. वजन जास्त होतं तेव्हा ते खपून गेलं. आता नऊ किलो कमी झालं, शरीराला लागतंच कमी. म्हणून काटा हलेना."

दुसऱ्या दिवशी मावशींनी एकेक चमचाच घेतला. मीठ बरोबर आहे की नाही, कळेना. मदतनीस बाईपुढे वाटी धरली, तर ती दोन पावलं मागे. "माझ्या जिभेवर तीनशे पोरं? नको गं बाई!" मग मावशींनीच डोळे मिटून पुन्हा एक चमचा घेतला आणि पातेली उतरवली. पहिली पंगत उठेपर्यंत त्या दाराशी उभ्या होत्या, कोणी तोंड वाकडं करतंय का बघत.

दोन आठवड्यांनी काटा ब्याऐंशीवर आला. आनंद व्हायचा, तर मावशी गेलेले आठवडेच मोजत बसल्या. सहा आठवडे आपल्यापायी गेले, हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्यांनी भावजयीला फोन लावला आणि वाट्यांसकट सगळं सांगून टाकलं.

मग भावजयीनं हळूच विचारलं, "अजून किती दिवस, ताई?"

"महिना धर."

"त्यांना कालपासून दम जास्त लागतोय," ती म्हणाली. "महिनाच ना?"

"महिनाच," मावशी म्हणाल्या. दुसरं काही म्हणणं त्यांच्या हातात नव्हतं.