मामाच्या नावाची पत्रिका

तुमच्या गावातल्या ‘देवमाणसा’ला तुम्ही काम सांगण्याखेरीज शेवटची हाक कधी मारली होती?

कामरगावात हे पद माझ्या मामाकडे आहे. वय बेचाळीस. बुद्धीची वाढ लहानपणीच अडली, असं डॉक्टर म्हणाले. तेवढ्यावर गावाने त्याला देव करून टाकलं. देवाला मजुरी लागत नाही, मित्र तर नाहीच नाही. मामाला वाचता येत नाही, पण गावातलं घर न् घर पाठ. म्हणून लग्नाच्या पत्रिका तोच वाटतो. पंगतीत पाणी वाढतो आणि सगळे उठल्यावर भांड्यांजवळ एकटा जेवतो. दिव्यांग दिनाला त्याला शाल-नारळ मिळाला. भाषणं संपल्यावर खुर्च्याही त्यानेच उचलल्या, अंगावर शाल तशीच. आमच्या तरुण मंडळाची समतेवरची पत्रकंसुद्धा तोच वाटायचा. त्याला बैठकीत बसवावं, हे आम्हा क्रांतिकारकांना कधी सुचलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात पत्रिकांचा गठ्ठा हातात धरून त्याने मला विचारलं, “माह्या घरी कोनी काहून येत नाई बे? मी त साऱ्याइच्या घरी जातो.”

छापखाना ओळखीचा होता. पंचवीस पत्रिका छापून घेतल्या: रविवारी संध्याकाळी पाचला चहा-पोहे, निमंत्रक मामा. त्याने एका सकाळीत वाटून टाकल्या.

रविवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, ओसरीवर सतरंजी अंथरली. थोरल्या मामीने, म्हणजे त्याच्या वहिनीने, पातेलंभर पोहे केले. सहा वाजले, साडेसहा वाजले. कोणी फिरकलं नाही.

मी तणतणत शेजारच्या काकांकडे गेलो. पत्रिका देव्हाऱ्यात होती, पाकिटातून काढलेलीही नव्हती.

“थ्या पोट्ट्यानं देल्ली, म्हटलं असन कोनाचं लगन,” काका म्हणाले. बेचाळीस वर्षांचं पोट्टं!

“लगन नाई काका. त्यानं तुमाले चाय प्याले बलावलं.”

“त्यानं?” काका हसले. “कायले? तो त रोजच येते इकळे.”

“तो येते. तुमी कवा गेले?”

काका चपला शोधू लागले.

ओसरीवर मामाने त्यांना पाणी दिलं आणि सवयीने भिंतीला लागून उभा राहिला. “बस ना बे,” काका म्हणाले. तेव्हा कुठे तो बसला, स्वतःच्याच सतरंजीवर. गार पोहे खाताना त्याने म्हशीपासून मोटारपंपापर्यंत सगळं सांगितलं. काका निघाले तर म्हणाला, “उद्या येसान?”

“पाहू.”

त्या ‘पाहू’ला वर्ष होत आलं. दर रविवारी पाचला सतरंजी पडते. मी असतो, कधीमधी काका. बाकी गावाला त्याच्याकडे यायला अजून लग्नच हवं आहे.

आमच्याकडे येऊ नका. तुमच्याच गल्लीत असा एखादा असेल, त्याच्या घरी जा. शाल नको, नारळ नको. तो म्हणेल तिथे बसा, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत उठू नका.