देवाचा दुसरा फोटो

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

डहाणूत माझा फोटो स्टुडिओ आहे. पोट पासपोर्टवर आणि लग्नांवर चालतं, पण जीव रमतो तो क्लोज-अपमध्ये. मुंगीचा पाय, भाताचं कुसळ — आणि नाणी. नाण्याचा फोटो काढणं वाटतं तितकं सोपं नाही. कॅमेरा बरोब्बर खाली बघायला हवा. केसभर कलला तरी एक कड पुसट येते. उजेड वरून नको, बाजूने हवा, जमिनीलगत — तरच नाण्यावरचा उठाव दिसतो. हे मला येतं याचा मला माज होता. होता कशाला, आहे.

कासापलीकडच्या एका पाड्यावर माझा मित्र लहानू याचं घर. तो नोकरीला वापीत, तिथंच भाड्याच्या खोलीत राहायचा. आई आणि बायको संगीता घरी. त्यांचा देव म्हणजे चांदीचं एक जुनं नाणं. टोपलीत तांदळावर ठेवलेलं, दोन्ही बाजूंनी हळदीकुंकवाचा जाड थर चढलेलं. देव घराबाहेर न्यायचा नाही, म्हणून लहानूला खोलीत लावायला त्याचा फोटो हवा होता. त्याची आई कशीबशी तयार झाली.

"आमचे देवाला हात नाय लावायचा," तिने मला बजावलं. "लांबून काय काढायचं ते काढ."

तिने स्वतः सुपात तांदूळ पसरले, देव दारातल्या उजेडात ठेवला आणि ती खळ्यावर गेली. मी ट्रायपॉडचा दांडा उलटा लावून कॅमेरा सुपावर टांगला, समोर उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा उभा केला. लहानू मोबाइलला रेंज शोधत अंगणाबाहेर गेलेला. संगीता मागे चुलीपाशी — माझ्यासाठीच चहा ठेवत होती. मी पहिला फोटो काढला. चांगला आला. तिथंच थांबायला काय झालं होतं मला?

पण स्क्रीनवर मोठा करून बघितला, तर कुंकवाच्या खपल्यांमधून एक रेष दिसली. नाकाची. म्हणजे खाली चेहरा होता! आणि वर ही सगळी घाण — हो, मनात हाच शब्द आला. देवावरच्या कुंकवाला मी घाण म्हणालो.

आता सांगतो. सांगायलाच बसलोय ना? लेन्सवर डाग दिसला की रुमालाचं टोक जिभेला लावून पुसायची मला वाईट खोड आहे. मी तेच केलं. टोक जिभेला लावलं आणि त्यांच्या देवाचं तोंड घासलं. एकदाच नाही — थर निघेपर्यंत, पुन्हा पुन्हा जिभेला लावून. दुसऱ्याचा देव मी उष्टा केला.

खालून निघाला दाढीवाला गोरा राजा. त्याच्या मिशीचा केस न् केस मोजावा असा फोटो आला. आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो तोच आहे. मग अंगणात पावलं वाजली आणि मी नाणं पालथं घातलं. आईने तांदळासकट तसंच उचलून टोपलीत ठेवलं. मी चहा प्यायलो, निघालो.

पुढच्या पूजेला फ्रेम घेऊन गेलो. फ्रेममध्ये अर्थातच पहिला फोटो. आईने देव बाहेर काढला, कुंकू लावायला उलटा केला आणि हात मागे घेतला. देवाच्या जागी कुणी भलताच साहेब बसलेला! तिने फ्रेमकडे बघितलं, देवाकडे बघितलं. फोटोवाला आला तेव्हा देव जागेवर होता, हे फ्रेममध्ये सगळ्यांना दिसतच होतं. म्हणजे जे झालं ते नंतर. नंतर घरात होतं कोण?

"हिनंच विटाळात हात लावला," आई संगीताकडे बोट करून ओरडली. "देव उठून गेला माझा!"

संगीता माझ्याकडे वळली. तिला माझा संशय आला नव्हता, हे लक्षात घ्या. तिला साक्षीदार हवा होता.

"दादा, देव त्या दिवशीच काय तो बाहेर होता, तवा तुमी तं तिथंच होते. सांगा ना, मी आले का देवाजवळ?"

मी काय म्हणालो असेन? "मला काही माहीत नाही, वहिनी. मी तर हातच लावला नाही."

तिला माहेरी तलासरीकडे धाडलं. लहानू आणायला गेला नाही. त्याने दुसरं लग्न केलं, त्याचे फोटो मीच काढले. दुसरा फोटो तेव्हाही माझ्याकडे होता. आजही आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवले असते, तर एका मिनिटात ती सुटली असती. मी तो कितीदा तरी उघडला — मिशी बघायला.

संगीता आता चारोटीला हायवेवरच्या एका टपरीवर काम करते. गुजरातकडून लग्नाची ऑर्डर उरकून येताना माझी गाडी तिथं थांबते. का थांबवतो मी? ठाऊक नाही. ती मला अजून दादाच म्हणते. न विचारता साखर कमी घालते. मी चहा पितो, आणि माझा उष्टा कप ती उचलून नेते.