बुधरीचा मोहा

रुखमाबाई मडावी घुग्घुसकडच्या शाळेत अकरा वर्षं धूळ खाऊन आपल्या गावात बदली मागून आली, तेव्हा लोक म्हणाले, आईच्या ओढीनं आली. डोंबलाची ओढ. आई होतीच, पण रुखमा आली होती ती गुणवंतरावासाठी. सावली तालुक्यातलं जंगलाला टेकलेलं हे गाव, आणि गुणवंतराव त्यातला सगळ्यात मोठा शेतकरी. त्याचं नाव निघालं की रुखमाच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ती आग तिनं सव्वीस वर्षं विझू दिली नव्हती.

गोष्ट एवढीच. या भागात जंगलातला, धुऱ्यावरचा म्हणजे शेताच्या बांधावरचा प्रत्येक मोहा कोणत्या ना कोणत्या घराचा असतो. कागद नसतो. पण फाल्गुन-चैत्रात फुलं गळू लागली की ज्याचा मोहा त्यानंच वेचायचा, दुसरा हात लावत नाही, आणि झाडही वेचणारीच्या नावानंच ओळखतात. गावाबाहेरचा एक मोहा बुधरीचा, म्हणजे रुखमाच्या आईचा. तो तिला सासूकडून आलेला. गुणवंतरावानं शेत सरकवत सरकवत तारेचं कुंपण त्या झाडापलीकडे नेलं, आणि बुधरी नेहमीसारखी वेचायला गेली तर तिला धरून चावडीसमोर उभं केलं. टोपली पालथी केली. "मी चोरी केली" असं गावादेखत वदवून घेतलं. आठ वर्षांची रुखमा आईचा पदर धरून उभी होती. आणि गाव? गाव खाली मान घालून उभं राहिलं, दुसरं काय करणार. त्यानंतर बुधरी त्या वाटेनं कधी गेली नाही.

रुखमाला झाड नको होतं. आई चोर नाही, एवढं तिला त्याच माणसाच्या तोंडून, त्याच गावासमोर ऐकायचं होतं.

चौथीला नकाशा शिकवायचा होता. रुखमानं पुस्तक मिटलं आणि पोरांना सांगितलं, "तुम्हाले सगळ्यात जास्त आवडते त्या जागेचा नकाशा काढा. पावलं मोजा, सूर्य कुठून उगवते थे पाहा, खुणा करा. अन् मग सगळ्यांसमोर उभं राहून सांगा." पोरं आठ दिवस गावभर पावलं मोजत हिंडली. सुरजनं घरामागची बोडी काढली, धानाला पाणी पुरवणारं ते लहानसं तळं, आणि उत्तर दिशा टेकडीकडे दाखवली. का, तर टेकडी वर असते आणि नकाशात उत्तरही वर असते. रुखमानं त्याला सकाळच्या उन्हात नेऊन उभं केलं आणि उजवा हात सूर्याकडे करायला लावून उत्तर दाखवली. शिकवण्यात ती कसर करत नव्हती, हे तिच्या वैऱ्यानंही मान्य करावं.

कावा दुसरीकडेच होता. त्याच वर्गात गुणवंतरावाची नात दिव्यानी होती, तोंडाची मोकळी आणि हिशेबाला पक्की. तिनं वही पुढं केली. घर, गोठा, विहीर, शेत, आणि शेताच्या टोकाला भलंमोठं झाड, त्याला टांगलेला तिचा झुला.

"बाई, झाडाचं नाव काय लिहू?"

रुखमानं वही हातात घेतली. "तुमच्या घरी काय म्हणतात?"

पोरीनं सांगितलं.

"मग थेच लिही. लोक ज्या नावानं ओळखतात, नकाशात थेच नाव घालायचं असते."

एक अक्षर तिनं सुचवलं नाही. गरजच नव्हती. कुंपण सरकवलं तरी गुणवंतराव स्वतः गड्यांना ते झाड जुन्याच नावानं दाखवत आला होता. कधी खटकलंही नसेल त्याला.

मग नकाशांच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून बोलवायला रुखमा गुणवंतरावाच्या ओसरीवर गेली. साखर पेरल्यासारखी बोलली. "भाऊ, लेकरांचे नकाशे तुमच्याच हातून तपासायचे आहेत. गावाची माहिती तुमच्याहून जास्त कोणाले हाय?" म्हातारा फुलून गेला. घरी येऊन ती आईला म्हणाली, "उद्या चांगलं लुगडं नेस, शाळेत यायचं हाय." बुधरीनं पेटीतलं लुगडं काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेचं पटांगण भरलं. दिव्यानीची पाळी आली तशी तिनं हातात काठी घेतली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. "हे आमचं घर. इथून पूर्वेले दोनशे चाळीस पावलं गेलं की बुधरीचा मोहा. इथी माझा झुला हाय. ही माझी आवडती जागा."

कोणीतरी खाकरलं. मागच्या रांगेत बुधरीनं मान वर केली.

गुणवंतराव हसला. "बेटा, आपला मोहा म्हण."

"पण आबा, तुम्हीच तर म्हणता, बुधरीच्या मोह्याखाली ट्रॅक्टर लावा म्हणून."

बायांनी तोंडाला पदर लावले. रुखमानं लाल पेन त्याच्या हातात दिला. "भाऊ, तपासणारे तुम्ही. नाव चुकलं असंल तर काट मारा, पोरीचे गुण कमी करू."

दिव्यानीचे डोळे भरून आले. म्हाताऱ्यानं नातीकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, आणि बरोबरची खूण केली.

"मोठ्यानं वाचा भाऊ. मागच्या लोकाईले ऐकू नाई येऊन राह्यलं."

"बुधरीचा मोहा," त्यानं वाचलं.

"मग आपल्याच झाडाची फुलं वेचणारी बाई चोर काऊन झाली, भाऊ?"

गुणवंतरावानं फाटकाकडे पाहिलं. उठून जाता आलं असतं, पण नकाशा धरून नात समोर उभी होती.

"बुधरीबाई चोर नाई," तो म्हणाला.

बुधरी उठली. लुगड्याच्या निऱ्या झटकल्या आणि लोकांच्या मधून, कोणाकडेही न बघता, सरळ चालत फाटकाबाहेर गेली. रुखमाचं काळीज थंड झालं. खोटं कशाला सांगा, सव्वीस वर्षांत तिला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दिव्यानीनं विचारलं, "बाई, मग चोरी आबानं केली होती का?"

गुणवंतरावानं रुखमाकडे पाहिलं. नातीला दिसणार नाही असे त्यानं दोन्ही हात अर्धवट जोडले. रुखमाला ते दिसलं. पोरीच्या डोळ्यांतला आजोबाही दिसला.

"हो," ती म्हणाली, आणि पुढच्या पोराचं नाव पुकारलं.