अंगठ्याचं नख

काचेच्या कपाटातून काढून पिवळ्या फडक्यावर ओळीनं मांडलेले सहा चाकू – दोन लाकडी मुठीचे, तीन शिंगाच्या मुठीचे, एक लालभडक प्लॅस्टिकचा – आणि त्यांच्यावरून सावकाश फिरणारा माझ्या आजोबांचा रापलेला हात... मिरजेच्या बाजारातलं ते दुकान आता नाही, पण खोबरेल तेलाचा आणि नव्या लोखंडाचा तिथला मिश्र गंध अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

मी तेव्हा चौथीत होते. दुष्काळाची वर्षं सरून कुंडलच्या आमच्या मळ्यात ऊस पुन्हा डोक्याच्या वर गेला होता. आजोबांना घरीदारी सगळे तात्याच म्हणत. पलटणीतून पेन्शनीवर आलेला हा माणूस पटका बांधल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे आणि बंडीच्या खिशात चाकू नसेल तर त्याला चुकल्याचुकल्यासारखं होई. जुना चाकू विहिरीत वाकताना पाण्यात गेला, म्हणून नवा घ्यायला आम्ही एस्टीनं मिरजेला आलो होतो. महाग नको आणि फार हलकाही नको, एवढीच त्यांची अट होती.

तात्यांची पारख मोठी चोखंदळ! उघडलेल्या चाकूचं पातं ते पाठीकडून तळव्यावर दाबत. “स्प्रिंग ढिली असली की पातं मिटून बोटावर येतंय बघ,” असं मला समजावत त्यांनी लाल चाकू बाजूला सारला. दुकानदार उघडून देई तोवर सारं ठीक चाललं होतं. मग लाकडी मुठीचा एक त्यांनी स्वतः उचलला. पात्यावरच्या बारीक खाचेत अंगठ्याचं नख रुतवलं... नख घसरलं. पुन्हा घसरलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात धोतराला पुसला आणि म्हणाले, “लय त्याल लावलंय गड्या ह्याला.”

“तात्या, खटक्याचा घ्या की,” दुकानदार म्हणाला. “बटण दाबलं की आपसूक उघडतोय.”

“खटक्याचा मारामारीवाल्यास्नी. आमाला प्येरू कापायचाय.”

पण मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहत होते. तो सांध्यात ताठ झाला होता, नख मधोमध पिचलं होतं, आणि हे माझ्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. मला एकदम रडू यायला लागलं. मी तो चाकू घेतला, खाचेत माझं नख घातलं, आणि पातं टक्कन उघडलं.

“ह्योच घ्या, तात्या. ह्यो मला उघडतोय.”

त्यांनी बंडीच्या खिशातून पैसे काढले. मग दुकानदाराला म्हणाले, “बांधा.”

परतताना एस्टीत, पलूस मागे पडल्यावर, ते हळूच म्हणाले, “सुमे, घरात कुणाला सांगू नगंस.” हे त्यांनी मला बजावण्याची गरजच नव्हती. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, आणि काका येता-जाता म्हणत, आवं तात्या, आता बसा की घरात. अंगठा गेल्याचं कळलं असतं, तर त्यांच्या हातचं खुरपंही गेलं असतं आणि मळ्याची वाटही बंद झाली असती.

मग रोज शाळा सुटली की मी मळ्यात. पाटाच्या ओल्या मातीचा वास, पाचोळ्याची सळसळ... मी चाकू उघडायचा आणि दगडावर ठेवायचा – हातातून हातात चाकू दिला की भांडण होतं, असं आमच्याकडे मानतात – मग तात्यांनी तो उचलायचा. उसाची साल लांबलचक निघे, आणि दातांना सोसतील एवढाल्या तुकड्यांचे, म्हणजे करव्यांचे, दोन ढीग होत. मोठा ढीग माझा. मिटताना पातं ते मांडीवर दाबून मिटत. तिथं नखाचं काम नसे.

दर रविवारी आई ब्लेडनं सगळ्यांची नखं काढी. उजवा अंगठा मी मुठीत दडवून ठेवी. सोमवारी प्रार्थनेनंतर गुरुजी नखं तपासत आणि त्या एका नखापायी माझ्या बोटांच्या पेरांवर पट्टी बसे. कारण विचारलं की मी घुम्यासारखी उभी. असे तीन सोमवार गेले. तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी तात्यांना वळ दिसले. “कशानं गं?” मी म्हटलं, “कुठं काय!” त्या दिवशी त्यांना ऊस गोड लागला नाही.

पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या आधीच ते शाळेच्या व्हरांड्यात उभे होते – परीटघडीचा पटका, हात शिपायासारखे सरळ. मी खिडकीशी होते म्हणून मला ऐकू आलं.

“गुरुजी, पोरीचं तेवढं एक नख ऱ्हाऊ द्या. माझा अंगठा गेलाय. चाकू तीच उघडती.”

पोटच्या लेकांपुढे जे कधी बोलले नाहीत ते माझ्या चार बोटांसाठी त्यांनी परक्या माणसाला सांगितलं. गुरुजी “आत या, बसा” म्हणाले, पण तात्या बसले नाहीत. त्यानंतर माझा उजवा हात कुणी तपासला नाही, आणि गुरुजींनी गावात अवाक्षर काढलं नाही.

सातवीनंतर मला सांगलीला आत्याकडे शिकायला ठेवलं. तिथं पहिल्याच रविवारी मी दहाही बोटांची नखं कापली, आणि शहरातल्या मुलींसारखी दिसतेय म्हणून खूशही झाले. मळ्यात आता पातं कोण उघडतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. त्याची लाज मला आज या वयातही वाटते.

दोन वर्षांनी थंडीत तात्या गेले. दिवस झाल्यावर आई त्यांचे कपडे आवरत होती. बंडीच्या खिशात तो चाकू निघाला. घामानं गंजून पातं मुठीत घट्ट बसलं होतं. आईनं तो उलटापालटा करून पाहिला. म्हणाली, “ह्यो तर हरवला हुता नव्हं? तू सांगलीला गेलीस तवापास्नं कुणी प्येरू दिला, ऊस दिला की म्हणायचं, चाकू हरवलाय. काकानं नवा आणतो म्हटलं, तर नगं म्हणालं.”