सांधेवाल्यांचे साटेलोटे

साहेबाच्या टेबलावर कागद ठेवायचे, सही होईपर्यंत भिंतीकडे पाहत उभे राहायचे आणि कागद उचलून बाहेर यायचे. रेल्वे कंपनीच्या कल्याणच्या ट्रॅफिक ऑफिसात हेड क्लार्कचे मुख्य काम एवढेच. मी ते कैक वर्षे बिनबोभाट केले. त्या सोमवारी मात्र मी तोंड उघडले.

आमच्या कल्याणच्या टीमची शनिवारची हॉकीची मॅच बरोबरीत सुटली होती, म्हणून साहेब घुश्शात होता. सही करता करता म्हणाला, "राव, आपल्याकडे चेंडूला जोराने मारणारा एक माणूस नाही."

मी आदल्याच दिवशी ठाण्याला सासुरवाडीस जेवून आलो होतो. पुरणपोळीचा अंमल अजून उतरला नव्हता. मी म्हणालो, "साहेब, ठाण्याच्या स्टेशनावर हरी म्हणून सांधेवाला आहे. त्याने टोला मारला की विटी खाडीत शोधावी लागते."

विटी म्हणजे काय ते साहेबाला कळले नाही. टोला म्हणजे काय ते कळले.

ज्यांनी हॉकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टोकाला वाकवलेल्या काठ्या घेऊन अकरा-अकरा जण एका चेंडूमागे धावतात. चेंडू जमिनीवरून ढकलत समोरच्यांच्या दोन खांबांमध्ये घालायचा, त्याला गोल म्हणतात. त्या खांबांमध्ये एक जण अडवायला उभा असतो, तो गोलकीपर. आमचा गोलकीपर होता धोंडू. तोही सांधेवालाच. रुळाला जिथे फाटा फुटतो तिथे लिव्हर ओढून गाडी योग्य रुळावर घालणारा तो सांधेवाला. समोरून इंजिन येत असताना ज्याने जागा सोडायची नसते, त्याला चेंडूचे काय भय? मॅच चालू असता धोंडू खांबांमध्ये नुसता उभा असे. लोकांना वाटे, हा काहीच करत नाही. मलाही तसेच वाटे.

साहेबाने धोंडू द्यायचा आणि हरी घ्यायचा असे ठरवले. कंपनीत अशा अदलाबदलीला ‘म्युच्युअल’ म्हणतात. एकाच हुद्द्याचे, एकाच पगाराचे दोन नोकर आपखुशीने अर्ज करून एकमेकांच्या जागी जातात. आपल्याकडचे साटेलोटेच ते. आपली मुलगी त्यांच्या घरी, त्यांची आपल्या घरी. माझे स्वतःचे लग्न साटेलोट्याचे. माझी बहीण ठाण्याला दिली आणि तिची नणंद मी करून आणली. एका घरात खुट्ट झाले की दुसऱ्या घरात आपोआप आमटी खारट होते, हे मी सोसून शिकलो होतो. तरीही दोन्ही अर्ज मीच लिहिले.

धोंडूला लिहिता येत नसे. अर्जाखाली निशाणी म्हणून तो नांगर काढी. त्याने विचारले, "भाऊसाहेब, कसला कागद हाय?"

"कंपनीच्या कामाचा," मी म्हणालो. हे खोटे नव्हते. त्याने नांगर काढला.

संध्याकाळी घरी सांगितले. आमचे कुटुंब तांदूळ निवडत होते. हात थांबला.

"हऱ्या? आमच्या आळीमागचा? अहो, त्याच्यापायी माझ्या बाबांनी तीनदा कौलं बदलली. साहेबाला हे सांगितलंत?"

"साहेबाला कौलांशी काय करायचंय?"

"कळेल," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

हरी आला. उंचापुरा, हसतमुख. पहिल्याच मॅचला त्याने काठी पार डोक्यामागे नेली आणि असा टोला हाणला की चेंडू मालधक्क्याच्या छपरावर गेला. अंपायर ओरडला, "स्टिक्स!" हॉकीत काठी खांद्याच्या वर नेली की तो गुन्हा. अंपायर ‘स्टिक्स’ ओरडतो आणि चेंडू समोरच्यांना मिळतो. हरीला वाटले, शाबासकी दिली. त्याने वाकून अंपायरला रामराम केला. पुढचा टोला त्याहून वर गेला.

मी मैदानाच्या कडेला नेऊन त्याला समजावले. "अरे हरी, चेंडू जमिनीवरून न्यायचा."

"भाऊसाहेब," तो कळवळून म्हणाला, "जमिनीवरून तर पोरीसुद्धा नेतील."

इकडे रविवारी मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमधून धोंडू आला आणि थेट माझ्या ओट्यावर बसला.

"भाऊसाहेब, म्हस दूद देत नाय."

धोंडू एकटाच ठाण्याला गेला होता; त्याची बायकापोरे आणि चंद्री नावाची म्हैस कल्याणलाच होती. तिच्या दुधावर त्याचे घर चाले, कारण सांधेवाल्याच्या पगारात सहा तोंडे भागत नाहीत. दूध आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांत येई, माझ्याही. धोंडूखेरीज दुसऱ्या कोणाचा हात कासेला लागलेला तिला चालत नसे. धोंडूच्या बायकोने त्याचा कंपनीचा निळा कोट घालून पाहिला. चंद्री एक दिवस फसली. दुसऱ्या दिवशी तिने कोटाचा खिसा फाडला.

"अशीच ऱ्हायली तं आटंल," धोंडू म्हणाला. "भिवंडीचा व्यापारी बगून गेलाय. घरातली म्हनतं, म्हयनाअखेर इकून टाकू. तुमी सांगलाव कंपनीचा कागद, म्हनून मी नांगर काढला. म्हशीला कुनी इचारला?"

आतून भांडे आपटल्याचा आवाज आला. तेवढा पुरेसा होता.

दुसऱ्या दिवशी साहेबाकडे गेलो. "म्युच्युअल मोडता येईल का?"

"मॅचनंतर बघू," तो म्हणाला.

मॅच ठाण्याशीच होती. ठाण्याच्या खांबांमध्ये धोंडू उभा होता, पूर्वी आमच्यात उभा राही तसाच. आमच्या माणसांनी चेंडू मारला, तो धोंडूच्या पायाला लागून परत आला. पुन्हा मारला, पुन्हा परत आला. हरीने एकूण किती वेळा रामराम केला ते मी मोजले नाही. आमचे खांब सांभाळायला एका गार्डाला उभे केले होते. त्याला सारखे कुठेतरी जायचे असल्यासारखे वाटे. आम्ही सपाटून हरलो. ठाण्याचा साहेब आमच्या साहेबाला म्हणाला, "असाच आणखी एखादा नको असलेला माणूस असेल तर कळव."

साहेबाने संतापून आपली टोपी माझ्या हातात दिली. का दिली ते त्यालाही कळले नसावे. मी ती ऑफिसापर्यंत धरून चाललो.

त्याच आठवड्यात हरीने पुण्याचा गवताचा डबा नाशकाच्या रुळावर घातला. त्याचा तरी काय दोष? ठाण्याला सरळ मार्ग. कल्याण म्हणजे जंक्शन, एक फाटा नाशकाकडे, एक पुण्याकडे. कोणाला इजा झाली नाही. पण मुंबईच्या हेड ऑफिसातून पत्र आले. जुना, माहितगार सांधेवाला ठाण्याला का पाठवला? ही अदलाबदल शहाणपणाची होती का, याचा रिपोर्ट करा.

पत्राच्या शेवटी एक वाक्य होते. अदलाबदल चुकीची ठरल्यास दोघांना मूळ जागी आणावे. मी ते दोनदा वाचले. महिनाअखेरीला सहा दिवस होते.

पहिला मसुदा मी खरा लिहिला. धोंडूची जागा त्याच्या अंगवळणी होती, हरीची हरीच्या. दोघांना उपटून लावले आणि दोन्ही रोपे माना टाकून बसली. साहेबाने वाचले.

"राव, यात मी मूर्ख आहे असे लिहिले आहे."

"असा शब्द कुठेही नाही, साहेब."

"शब्द नाही. वाक्ये आहेत."

मसुदा फाटला. दुसरा लिहिला. अदलाबदल विचारपूर्वक केलेली होती, नशिबाने दगा दिला. साहेब खूश. दौतीत टाक बुडवला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अदलाबदल योग्य ठरली तर मोडायची कशाला? धोंडू कायमचा ठाण्याला आणि चंद्री भिवंडीला. मी झडप घालून कागद काढून घेतला.

"स्पेलिंग चुकलंय, साहेब."

"तुझे?" साहेबाच्या भुवया वर गेल्या. माझ्या स्पेलिंगचा मला गर्व होता. तोही गेला.

सबंध दुपार मी टाक चावत बसलो. अदलाबदल चुकीची हवी आणि साहेब बरोबर हवा. या दोहोंच्या मधे ऑफिसात एकच माणूस उभा होता. मी लिहिले: ‘हेड क्लार्कने सदर हरीविषयी अपुरी व दिशाभूल करणारी माहिती पुरविल्यामुळे ही चूक घडली. हेड क्लार्कला समज देण्यात आली आहे.’

शाई वाळायच्या आत साहेबाने सही केली. वर म्हणाला, "आता कुठे तू मुद्द्याचे लिहिलेस."

महिनाअखेरीला एक दिवस असताना धोंडू परत आला. हरी ठाण्याला गेला, जाताना साहेबाला रामराम करून. पुढच्या मॅचला धोंडू खांबांमध्ये उभा राहिला आणि काहीच झाले नाही. आता मला कळते, त्याचे काम तेच होते, काही न होऊ देणे. पण जे झाले नाही त्याची नोंद आमच्या ऑफिसात कुठल्याच रजिस्टरात होत नसे, म्हणून तो आम्हाला फुकटचा वाटला. माझ्या सर्व्हिस-बुकात मात्र ती ‘समज’ कायमची चिकटली. तेव्हापासून साहेबाच्या खोलीत मी भिंतीकडेच पाहतो.

चंद्रीचे दूध पुन्हा सुरू झाले त्या सकाळी मी कुटुंबाला रिपोर्ट वाचून दाखवला. मराठी करून, शेवटच्या ओळीसकट. तिने दुधावरची साय बाजूला सारली आणि विचारले, "आणि आपल्या साटेलोट्याचा रिपोर्ट कोणी मागितला तर काय लिहाल?"

"हेच," मी म्हणालो. "चूक सगळी हेड क्लार्कची."

"मग आणा इकडे," ती म्हणाली, "सही करते."