मागच्या बाकावरच्या चांदण्या

रूथमावशी दारात आली की आम्ही पोरी परकर सावरून धरायचो, कारण तिच्या कमरेला कात्री असे. नाताळाला महिना उरला की ती घरोघर फिरून प्रत्येकाच्या अंगावरच्या कपड्याची बोटभर चिंधी कापून नेई. धुतलेला कपडा तिला चालत नसे. "घाम लागल्याबिगर चांदनी त्या मानसाची व्हत न्हाई," म्हणायची आणि कात्री चालवायची. माझ्या एकुलत्या चांगल्या परकराची तिने वाट लावली, तरी तिच्यावर रागावणं जमलं नाही.

घोडेगावजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडी. त्यातल्या प्रत्येकासाठी ही एकटी विधवा छातीवर लावायची चांदणी शिवायची. बाजारातून बैलांच्या गोंड्यांची रंगीत लोकर आणि टिकल्या आणायची. महायुद्धाच्या दिवसांत टाचण्या मिळेनात, तेव्हा तिने बाभळीचे काटे लावले. पाळकसाहेब काटा टोचून घेत उपदेश करीत.

इथवर सगळं गमतीचं. पण तिच्याकडे डबे दोन होते, एक जित्यांचा, एक गेलेल्यांचा. मेलेल्यांच्या चिंध्या ती जपून ठेवी आणि दरवर्षी त्यांच्याही नव्या चांदण्या करी. नाताळच्या सकाळी उपासना संपली की आधी आमची नावं पुकारी, मग त्यांची. त्यांच्या चांदण्या आमच्या ख्रिस्ती देवळातल्या शेवटच्या रिकाम्या बाकावर मांडी. दुपारी झाडायला गेलं की बाकावर एकही नसे.

"कुणी नेल्या गं मावशी?" मी एकदा विचारलं.

"ज्याच्या त्यानं," ती म्हणाली आणि जेवायला बसली.

माझा थोरला भाऊ योहान पलटणीत गेला होता. त्या वर्षी पावसाळ्यापासून त्याचं पत्र नव्हतं. आईने त्याचा न धुतलेला सदरा ट्रंकेतून काढून मावशीपुढे धरला. तेव्हापासून आईला एकच घोर, त्याची चांदणी कुठल्या डब्यातून निघणार?

नाताळ उजाडला. मावशीने जित्यांची नावं घेतली. त्यात योहान नव्हता. आईने माझा दंड घट्ट धरला. मग दुसरा डबा उघडला, एकेक करून रिकामा झाला. त्यातही तो नव्हता. आईचा जीव भांड्यात पडला.

"रूथबाई, माझ्या पोराची ऱ्हायली की वो!" ती जवळजवळ हसत म्हणाली.

मावशी खाली बघू लागली. "ऱ्हायली न्हाई, मार्थे. काल सकाळी त्यो सोता येऊन घेऊन गेला. उंबऱ्यात हुबा हुता. आत ये म्हनलं, तर आला न्हाई."

"कुठल्या डब्यातनं नेली?"

"म्या जित्यांचाच डबा म्होरं केला गं. त्यानं न्हाई म्हनून मान हलवली."

मला असा संताप आला की छातीवरची चांदणी उपटून मी मावशीच्या पायाशी टाकली. आई रडली नाही. पुढच्या महिन्यात तार आली, तीही तिने कुणाला वाचू दिली नाही.

मावशी उन्हाळ्यात तापाने गेली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. पण नाताळाला महिना उरला आणि आई कमरेला कात्री लावून निघाली.

"आई, तू कशाला गं?" मी तिची वाट अडवली.

"मावशी न्हाई, तर त्यानं कुठं जायाचं?" आई म्हणाली. "चांदनी न्यायला तरी माझ्या दारात येईल की."